बहिणाबाई चौधरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहिणाबाईंच्या कविता शिकवायला, वाचून दाखवायला लागलं की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणाला मुलीच्या निबंधासाठी तारीख हवी असते, कुणी एखाद्या शब्दापाशी अडलेलं असतं, कुणाच्या मनात शंका असते. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यावं लागू नये म्हणून मध्येमध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बहिणाबाई चौधरी कोण होत्या? थोडक्यात सांगा.

खानदेशातल्या शेतकरी घरातल्या कवयित्री. जन्म १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी, महाजनांच्या घरात. लग्नानंतर जळगावला आल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. मृत्यू ३ डिसेंबर १९५१. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना त्या ओव्या रचत आणि म्हणत. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये या रचना 'बहिणाबाईंची गाणी' या नावाने पुस्तकरूपात आल्या आणि तेव्हा महाराष्ट्राला त्यांची ओळख झाली.

२. संत बहिणाबाई आणि बहिणाबाई चौधरी एकच का?

नाही. दोघींमध्ये अडीचशे वर्षांचं अंतर आहे. संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकाराम महाराजांना गुरू मानणाऱ्या. त्यांचा काळ १६२८ ते १७०० असा सांगतात. वैजापूर तालुक्यातल्या शिऊर गावाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' हा अभंग त्यांचा.

तरीही हा अभंग चौधरींच्या नावावर फिरत असतो, शाळेच्या फलकांवरसुद्धा. ओळखायची सोपी खूण म्हणजे संत बहिणाबाईंच्या अभंगात बहुधा 'बहिणी म्हणे' अशी नाममुद्रा असते आणि भाषा वारकरी अभंगांची असते. चौधरींच्या रचना खानदेशातल्या लेवा बोलीत आहेत (प्रश्न ८ पाहा). त्यांत 'माले', 'तुले', 'नही' अशी रूपं जागोजाग दिसतात.

३. जन्मतारीख ११ ऑगस्ट की २४ ऑगस्ट? दोन्ही छापलेल्या दिसतात.

दोन्ही दिसतात हे खरं. घरच्या आठवणीत राहिली ती तिथी, नागपंचमी. इंग्रजी तारीख नंतर काढली गेली. म्हणून तिथीवरूनच पडताळा घेऊ. १८८० साली श्रावणाआधीची अमावास्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होती. त्यामुळे श्रावण शुद्ध पंचमी १०-११ ऑगस्टच्या सुमारास येते. २४ ऑगस्टला वद्य पक्ष सुरू झालेला होता, त्या दिवशी नागपंचमी असू शकत नाही. नागपंचमी धरायची असेल तर ११ ऑगस्ट जास्त जुळते. परीक्षेत मात्र आपल्या पाठ्यपुस्तकात जी तारीख असेल ती लिहावी.

४. त्यांच्या घरात कोण कोण होतं?

वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घामा, गना आणि घना हे भाऊ, अहिल्या, सीता आणि तुळसा या बहिणी. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी लग्न झालं. मुलं तीन: काशी ही मुलगी आणि ओंकार व सोपान हे मुलगे. ओंकारला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलं. धाकटा सोपान पुढे सोपानदेव चौधरी या नावाने कवी म्हणून प्रसिद्ध झाला.

तिशीच्या आसपास बहिणाबाईंना वैधव्य आलं. सोपानदेवांचा जन्म १९०७ चा, म्हणजे वडील गेले तेव्हा ते अगदी लहान होते. 'डोयापुढे दोन लाल, रडू नको माझ्या जिवा' या ओळीतले दोन लाल म्हणजे ही दोन मुलं.

५. लिहिता-वाचता येत नसताना त्यांनी कविता कशी केली?

हा प्रश्न नेहमी मोठ्या आश्चर्याने विचारला जातो. मला त्यातलं आश्चर्य थोडं कमी करावंसं वाटतं, कारण त्याने बहिणाबाईंचं मोठेपण झाकलं जातं. लिपी न येणं म्हणजे शिक्षण नसणं नव्हे. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईला आई, आजी, सासू, जाऊ यांच्याकडून शेकडो ओव्या मिळत. ओवी कुठे थांबते, कुठे वळते, एका शब्दाची पुनरुक्ती करून पुढची ओळ सुचायला उसंत कशी मिळवायची, हे सगळं कानाने शिकायचं असतं. आपल्याकडे स्त्रियांची ही शाळा फार जुनी आहे. बहिणाबाई त्या शाळेत तयार झाल्या.

कविता कुठून येते हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे: 'अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी, तसं तसं माझं गानं पोटातून येतं व्होटी'. घरोटा म्हणजे जातं. आणि विद्येचा प्रश्न कुणी काढलाच, तर त्याचंही उत्तर आहे: 'माझी माय सरसोती, माले शिकवते बोली, लेक बहिनाच्या मनी किती गुपितं पेरली'. गुपितं 'पेरली', असा शेतकरणीचा शब्द सरस्वतीलाही लावला आहे.

शिवाय लिहिण्या-छापण्याबद्दल त्यांना मनापासून कुतूहल होतं. जळगावच्या छापखान्यावर त्यांची एक कविता आहे. कोरा कागद छापला जाऊन शहाणा होतो आणि माणूस मात्र येडाच राहतो, असं त्यात म्हटलं आहे. अक्षर न येणाऱ्या बाईने अक्षराकडे इतक्या मोकळ्या नजरेने पाहावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

६. मग त्या लिहून कुणी ठेवल्या?

मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. बहिणाबाई म्हणत असताना जे कानावर पडलं ते यांनी उतरवून घेतलं. जे त्यांच्या कानावर पडलंच नाही ते गेलं. हाती असलेल्या कविता हा त्यांच्या संपूर्ण रचनेचा एक भाग आहे, एवढं वाचताना लक्षात ठेवावं. उतरवून घेताना काय बदललं असेल याबद्दल प्रश्न १४ आणि १५ पाहा.

७. आचार्य अत्र्यांचा किस्सा खरा आहे का?

हो, आणि पुस्तक निघालं ते त्यामुळेच. आईच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी संकोचत त्या कविता अत्र्यांना दाखवल्या. त्या वाचून अत्रे म्हणाले, 'हे तर बावनकशी सोनं आहे! हे महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे!' पुढे १९५२ मध्ये त्यांच्याच प्रस्तावनेसह पुस्तक निघालं.

यावरून काही जण 'अत्र्यांनी बहिणाबाईंना शोधलं' असं लिहितात. अत्र्यांनी त्या जगासमोर आणल्या, याचं ऋण मोठंच आहे. पण त्याआधी वह्यांत त्या कविता जपून ठेवणारी माणसं होती, आणि त्याहीआधी त्या ऐकणारं घर आणि शेत होतं.

८. त्यांची भाषा अहिराणी आहे ना?

बहुतेक लोक तसंच म्हणतात, पण ते बरोबर नाही. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली, म्हणजे जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातल्या लेवा पाटीदार समाजाची बोली. अहिराणीचा मुख्य मुलूख त्याच्या पश्चिमेला, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, बागलाण या बाजूला. लेवा बोलीला एकीकडून अहिराणी आणि दुसरीकडून वऱ्हाडी अशा दोन्ही शेजारणींचा रंग आहे.

गोंधळ होतो तो 'ले' या प्रत्ययामुळे. 'मला'च्या जागी 'माले' अहिराणीतही म्हणतात, वऱ्हाडीत 'मले' म्हणतात. त्यामुळे 'ले' ऐकलं की लोक अहिराणी असं ठरवून टाकतात. पण अहिराणी बोलणारा 'आहे'साठी 'शे' म्हणतो, 'माझं'साठी 'मनं' म्हणतो. बहिणाबाईंच्या ओळींत 'माझं' आणि 'तुझं' येतं. 'माझी माय सरसोती' हे अहिराणीत 'मनी माय' झालं असतं. दोन्ही बोली तितक्याच समृद्ध आहेत. एकीचं श्रेय दुसरीला देऊ नये, इतकंच.

९. शब्द अडतात. शब्दकोश नसताना वाचायचं कसं?

चार-पाच खुणा लक्षात ठेवल्या की बहुतेक कुलपं उघडतात. 'ळ'चा बहुधा 'य' होतो: डोळा–डोया, आभाळ–आभाय, खेळता–खेयता, गळा–गया, कळे–कये. 'ण'चा 'न' होतो: पाणी–पानी, माणूस–मानूस. 'ला'च्या जागी 'ले' येतो. 'पुसून', 'ठेवून' यांच्या जागी 'पुशीसनी', 'ठेईसनी' येतं. सुरुवातीचा 'वि' पुष्कळदा 'इ' होतो: विचार–इचार, विंचू–इचू.

आता 'मन वढाय वढाय' घ्या. 'वढाय' म्हणजे ओढाळ. पुन्हा पुन्हा दुसऱ्याच्या पिकात शिरणाऱ्या गुराला ओढाळ म्हणतात. ते कळलं की 'उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर' ही ओळ आपोआप उलगडते.

उरलेले काही नेहमी अडणारे शब्द: येहेर म्हणजे विहीर, आठी म्हणजे इथे, खाकस म्हणजे खसखस, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, उलूशी म्हणजे इवलीशी. यापलीकडे अडलं तर मोठ्याने वाचा. डोळ्याला परका वाटणारा शब्द कानाला बऱ्याचदा ओळखीचा निघतो.

१०. या कविता कोणत्या छंदात आहेत?

बहुतेक कवितांत दर चरणाला आठ अक्षरं. मोजून पाहा: 'अ-रे-सं-सा-र-सं-सा-र' आठ, 'ज-सा-त-वा-चु-ल्ह्या-व-र' आठ. 'म-न-व-ढा-य-व-ढा-य' आठ, 'उ-भ्या-पि-का-त-लं-ढो-र' आठ. जात्यावरच्या ओवीची लय धरून त्यांनी ही बांधणी केली आहे.

अपवादही आहेत. 'मानसा मानसा, कधी व्हशील मानूस' यात पहिला चरण सहा अक्षरांचा आहे. इथे मुद्दाम थांबून हाक मारल्यासारखं होतं. 'पेरनी पेरनी, आले पावसाचे वारे' याचीही तीच चाल. अशा जागी अक्षरं कमी पडली असं समजून 'अरे' किंवा 'रे' घालून भरती करू नये.

११. 'अरे संसार संसार' म्हणजे बाईने सगळं सोसावं असा उपदेश आहे का?

हा प्रश्न मुली विचारतात आणि तो योग्य आहे. लग्नसमारंभात, मानपत्रांवर या कवितेची पहिली दोनच कडवी वापरली जातात. त्यामुळे 'आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर' ही ओळ चटके सोसण्याच्या आज्ञेसारखी ऐकू येते.

कविता पूर्ण वाचली की संसाराकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहिलेलं दिसतं. 'शेंग वरतून काटे, मधी चिक्ने सागरगोटे' असं एकीकडे आहे, तर 'दोन्ही जीवांचा इचार, देतो सुखाले नकार अन् दुःखाले होकार' असं दुसरीकडे. दोन्ही जीवांचा विचार, एकटीचा नाही. सुख नाकारून दुःखाला हो म्हणण्याची निवड दोघांनी मिळून केलेली आहे.

आणि ही कविता एकटी वाचू नका. नवरा गेल्यावरच्या ओव्या सोबत घ्या. 'लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली, पुशीसनी गेलं कुकू, रेखा उघडी पडली'. आणखी एके ठिकाणी येतं: 'जरी फुटल्या बांगड्या, मनगटी करतूत'. बांगड्या फुटल्या तरी मनगटात कर्तृत्व आहे, असं १९१० च्या आसपास विधवा झालेली बाई म्हणते आहे. आणि ज्योतिषाला दारातून परत पाठवते: 'नही नशीब नशीब, तयहाताच्या रेघोट्या'. हिला नशिबाला शरण गेलेली कसं म्हणायचं?

१२. त्या देवभोळ्या होत्या का? देवाचं नाव खूप येतं.

देव खूप येतो, पण त्याच्याशी बोलणं बरोबरीचं आहे. मनाबद्दल बोलताना त्या देवालाच विचारतात की असं मन घडवलंस कसं, 'कुठे जागेपनी तुले असं सपन पडलं?' उपणणीच्या, म्हणजे धान्य वाऱ्यावर पाखडण्याच्या वेळी वारा पडला की वाऱ्याला 'मारोतीच्या बापा' अशी हाक मारतात. श्रद्धा आहे, आणि ती कामाच्या धबडग्यातली श्रद्धा आहे. ज्योतिषाबद्दल काय म्हटलं ते वर प्रश्न ११ मध्ये आलंच.

१३. शेती त्यांच्या कवितेत नुसती सजावट म्हणून येते की खरी माहिती असते?

या प्रश्नावर मला खूप बोलावंसं वाटतं, कारण माझ्या मते बहिणाबाईंचं सगळं वेगळेपण इथे आहे. शेतीच्या प्रतिमा पुष्कळ कवींनी वापरल्या. बहिणाबाईंच्या प्रतिमा तपासून पाहता येतात आणि त्या खऱ्या निघतात.

'धरित्रीच्या कुशीमधी बीयबियानं निजली' या कवितेत पेरणीपासून उगवणीपर्यंतचा क्रम आहे. आधी वर माती पसरते, 'जशी शाल पांघरली'. मग बी टरारतं, म्हणजे फुगून तट्ट होतं. मग कोंब. आणि त्यानंतर, 'परगटले दोन पानं, जशी हात जोडून'. ज्वारी-बाजरी उगवते तेव्हा एकच अणकुचीदार पान वर येतं. दोन पानं समोरासमोर जोडून वर येतात ती कपाशीची, तुरीची, मुगाची, म्हणजे द्विदल पिकांची. हात जोडल्याची उपमा आकाशातून आणलेली नाही. वाकून कोंबाकडे पाहिल्याशिवाय ही ओळ सुचत नाही, आणि ती वाचून शेतात काय पेरलं असेल याचा अंदाजही करता येतो.

दुसरं उदाहरण मोटेचं. 'येहेरीत दोन मोटा, दोन्हीमधी पानी एक'. आज मोट पाहिलेली माणसं थोडी उरली आहेत, म्हणून सांगतो. विहिरीवर चाक बसवलेलं असे, त्यावरून नाडा म्हणजे जाड दोर जाई, दोराच्या एका टोकाला कातडी मोट आणि दुसऱ्या टोकाला बैल. बैल उतरणीवरून खाली गेले की मोट वर येई, बैल मागे आले की मोट खाली जाई. त्या उतरणीला धाव म्हणतात. आता पुढची ओळ: 'उतरनी-चढनीचे नाव दोन, धाव एक'. उतरण आणि चढण ही दोन नावं, पण वाट एकच. आणि मग शेवट, 'मोट हाकलतो एक, जीव पोसतो कितीक'. कणा आणि चाक, दोन्ही नाडे, दोन्ही बैल, असं एकेक अंग मोजत मोजत कविता माणसापर्यंत पोचते. तत्त्वज्ञान हवं असेल तर आहेच, पण आधी मोट नीट सांगितली आहे.

तिसरं, 'बिना कपाशीनं उले, त्याले बोंड म्हनू नही'. बोंड पिकून फुटतं त्याला उलणं म्हणतात. उललेल्या बोंडात कापूसच नसला तर वेचणाऱ्या हाताला काय वाटतं, हे जळगावच्या कपाशीच्या रानात राबलेल्या बाईला सांगावं लागत नाही. ढोंगी माणसाबद्दल बोलण्यासाठी तिला यापेक्षा जवळचा दाखला कुठे मिळाला असता?

कापणी, रगडणी, उपणणी यांवर तर स्वतंत्र कविता आहेत. त्या क्रमाने वाचल्या तर खळ्यातल्या कामाचं एक पूर्ण वर्ष डोळ्यापुढून जातं.

१४. या कविता खरं तर सोपानदेवांनीच रचल्या, असं ऐकलं. त्यात तथ्य आहे का?

ही शंका जुनी आहे. हस्ताक्षर बहिणाबाईंचं असूच शकत नव्हतं, मुलगा नावाजलेला कवी, पुस्तक मृत्यूनंतर आलं. शंका यायला एवढं पुरेसं असतं. मी ती पटवून घेऊ शकत नाही, आणि कारणं कवितेतच आहेत.

सोपानदेवांची स्वतःची कविता प्रमाण मराठीतली, त्या काळच्या शिकलेल्या कवींच्या वळणाची आहे. ती बाजूला ठेवून 'घरोटा' वाचा, दोन्ही एकाच मनातून आल्यासारख्या वाटत नाहीत. प्रश्न १३ मधलं बारीक निरीक्षण हे रोज शेतात राबणाऱ्याचं आहे. माहेरच्या वाटेवर पाय भाजत चालणं, कुंकू पुसलं जाणं, हे आतून आलेलं आहे. लिहून घेताना मुलाने एखादा शब्द सावरला असेल, पण तेवढ्याने रचना त्याची होत नाही. आणि ज्या मुलाने आईचं नाव पुढे करून स्वतः मागे राहणं पत्करलं, त्याच्यावर हा आळ घेताना तरी पुरावा मागावा.

१५. एकच ओळ दोन पुस्तकांत वेगळी दिसते. खरी कोणती?

'म्हनू नही' की 'म्हनू नये', 'हाताला' की 'हाताले', असे फरक सापडतात. तोंडी रचनेला एकच अंतिम पाठ नसतो, म्हणणारीही प्रत्येक वेळी थोडं वेगळं म्हणते. त्यात लिहून घेणारे, छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी, पाठ्यपुस्तकाचे संपादक आणि गायक यांचे हात लागलेले.

नीट पाहिलं तर छापील पाठातही बोली सगळीकडे सारखी नाही. 'आधी हाताला चटके' यात 'ला' आहे, तर 'कयसाले लोटा' यात 'ले'. त्याच ओळीत 'राउळ' मधला 'ळ' तसाच राहिला आहे आणि 'कळस' मात्र 'कयस' झाला आहे. इथे छापखान्याचा हात लागला असावा किंवा त्या स्वतःच दोन्ही रूपं वापरत असतील. जळगावसारख्या गावात दोन्ही कानावर पडतातच. लेखात ओळ घेताना एकच आवृत्ती धरावी आणि शेवटपर्यंत तिलाच चिकटून राहावं. गाण्यातून ऐकून लिहू नये.

१६. माहेरावरची ती योगी असलेली कविता कोणती? तिचा शेवट कळत नाही.

'योगी आणि सासुरवाशीण'. सासुरवाशीण सतत माहेराचं कौतुक गाते, तेव्हा योगी तिला विचारतो, माहेर एवढं गोड आहे तर सासरी आलीस कशाला? ती उत्तर देते: 'लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते'. आज जे तिचं सासर आहे तेच उद्या तिच्या मुलीचं माहेर होणार. ते टिकावं म्हणून ती नांदते. एका ओळीत तीन पिढ्यांच्या बायका आहेत. योग्याला यावर बोलायला काही उरत नाही.

याच्यासोबत माहेरच्या वाटेची कविता वाचा. ठेच लागलेल्या लेकीला वाटेतला दगड म्हणतो, 'नीट जाय मायबाई, नको करू धडपड, तुझ्याच मी माहेराच्या वाटवरचा दगड'.

१७. त्यांची गाणी चित्रपटात आली होती का?

हो, १९६१ च्या 'मानिनी' या चित्रपटात. दिग्दर्शन अनंत माने यांचं, संगीत वसंत पवार यांचं. 'अरे संसार संसार' सुमन कल्याणपूर यांनी गायलं. या गाण्यांमुळे पुस्तक न वाचणाऱ्या घरांतही बहिणाबाई पोचल्या.

१८. त्यांच्या नावाने काय काय आहे? जळगावला गेल्यावर काय पाहावं?

जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव मिळालं. ते आता कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये त्यांच्या नावाचं प्राणिसंग्रहालय आहे. त्यांचं सासरचं घर म्हणजे जुन्या जळगावातला चौधरी वाडा. असोदे गाव जळगाव शहराच्या अगदी जवळ आहे. गेलात तर पावसाच्या सुरुवातीला जा, पेरण्या चालू असताना.

१९. त्यांची कविता आमच्या अंकात छापायची आहे. परवानगी लागेल का?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रकाशित झालेल्या लेखनासाठी ही ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. १९५२ मध्ये छापलेल्या कविता त्या हिशेबाने २०१२ च्या अखेरीस मुक्त झाल्या. नंतरच्या काळात प्रथमच छापली गेलेली एखादी कविता असेल तर तिचा हिशेब वेगळा.

अडचण इतर गोष्टींत येते. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणून त्यांची प्रस्तावना २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. सोपानदेव १९८२ मध्ये गेले, त्यांच्या लेखनाला २०४२ अखेरपर्यंत संरक्षण आहे. अलीकडच्या संपादकांच्या टीपा, अनुवाद, चित्रं, तसंच गाण्यांच्या चाली आणि ध्वनिमुद्रणं यांचे हक्क वेगवेगळे असतात. नुसती कविता छापणार असाल तर काळजी नाही. बाकी काही घेणार असाल तर प्रकाशकाला विचारा. कायद्याने लागो न लागो, कवितेखाली पूर्ण नाव जरूर द्या, नाहीतर प्रश्न २ मधला घोळ आणखी वाढेल.

२०. मुलांना पाठांतरासाठी कोणती कविता द्यावी? आणि म्हणताना बोली 'शुद्ध' करावी का?

लहान मुलांसाठी सुगरणीचा खोपा. 'तिची उलूशीच चोच, तेच दात, तेच ओठ, तुले देले रे देवानं दोन हात, दहा बोटं' हे म्हणताना मुलं स्वतःच्या बोटांकडे पाहतातच. पाचवी-सहावीच्या मुलांना 'धरित्रीच्या कुशीमधी' द्या आणि सोबत एका वाटीत मूग पेरायला सांगा. मोठ्या मुलांना 'मन वढाय' झेपते, पण 'मन जह्यरी जह्यरी' हे कडवं गाळू नका. समारंभात ते मुद्दाम वगळलं जातं, आणि त्याने कविता नुसतीच गोड होऊन बसते.

बोली अजिबात बदलू नये. 'मियते'चं 'मिळते' आणि 'आभायात'चं 'आभाळात' केलं की खानदेशातून आलेल्या वर्गातल्या मुलाला आपली भाषा चुकीची आहे असा धडा मिळतो. असं मूल वर्गात असेल तर उच्चार त्यालाच शिकवू द्या. चाल लावायचीच असेल तर चित्रपटातल्या गाण्याची नक्कल नको. आठ अक्षरांवर हलका ठेका धरला की पुरतं.